अपेक्षा गेल्या कुठे?

वधूवर सूचक मंडळाच्या कचेरीत मला बोलावून घेतलं, डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं आणि समोर एक काका आणून सोडले. "हे आमचे वेबसाइटवाले. काय ते यांनाच विचारा," असं म्हणून ताई फोनला लागल्या. स्वस्तातलं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, घेणार त्या, बोलणी खाणार मी.

काकांनी चष्मा लावून आधी मला नीट पाहून घेतलं.

"मुलाची माहिती भरत होतो. गोत्र, कुलदैवत, सगळं. नक्षत्राचा चरण आठवेना म्हणून पत्रिका शोधायला माळ्यावर चढलो. उतरून बघतो तर पुन्हा लॉगिन करा! आणि सगळी पानं कोरी. माझ्या अपेक्षा गेल्या कुठे?"

मी समजावलं : शेवटचं बटण दाबेपर्यंत तुमची पानं सेशनमध्ये, म्हणजे तात्पुरत्या नोंदीत असतात, आणि साइट ज्या भाषेत लिहिली आहे ती पीएचपी हे सेशन सर्व्हरवरच्या फायलीत ठेवते. १४४० सेकंद तुमची हालचाल दिसली नाही, की ती फाईल केरात जमा.

"चोवीस मिनिटं," काका तत्काळ म्हणाले. बँकेतून निवृत्त. "आणि केर काढतं कोण?"

"ठरलेलं कुणी नाही. शंभरात एखाद्या वेळी, कुणी पान उघडलं की झाडू फिरतो."

"म्हणजे कुठल्यातरी मुलीचा बाप आला आणि माझ्या अपेक्षा झाडून गेला?"

"तसं नव्हे. ताईंच्या भाच्याची केटरिंगची साइट याच सर्व्हरवर आहे. तिच्याही फायली त्याच फोल्डरात. तिथली मुदत दहा मिनिटांची. फोल्डर एक असला की कमी मुदतवाला दोघांचंही झाडून नेतो."

"लग्न ठरायच्या आधीच केटररने हात मारला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी मग अपेक्षा मलाच टाइप करायला लावल्या. मुलगी शिकलेली हवी, फार नको. नोकरी हवी, पण लांब नको. मध्येच थांबून विचारलं, "तुमचं झालंय?" नाही म्हटलं. "पगार?" म्हटलं, स्वतःचा व्यवसाय. काका नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" अजून डोक्यातून जात नाही.

रात्री बसून सेशन डेटाबेसमध्ये हलवलं. आयडी, मजकूर, शेवटची वेळ एवढंच टेबल. मुदत चार तास, आणि झाडू आपल्या हातात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेक्स्ट नावाच्या रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खाते. काकांचा आवाका बघता मी थेट त्याहून मोठा रकाना, मीडियमब्लॉब घेतला. फायलीला पीएचपी आपणहून कुलूप लावतं, डेटाबेसात ते आपण लावायचं. नाहीतर काका दोन टॅब उघडून बसणार, एकातल्या अपेक्षा दुसऱ्यातल्यांवर चढणार आणि खुर्चीवर पुन्हा मी.

बिल दिलं. ताईंनी साइट वरखाली करून पाहिली.

"पण बदललंय काय? दिसायला तर सगळं तसंच आहे."

मुखपृष्ठावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी पैसे आले होते. अर्ध्या तासाचं काम, तेही आयता कोड उचलून. लोकांची माहिती हरवू नये म्हणून रात्र जागवली तर ती दिसायला हवी म्हणे! ताईंना तसं सांगितलं. अगदी मवाळ शब्दांत, कारण आधीचंही थोडं येणं बाकी आहे.

"बरं, असं करा," त्या म्हणाल्या, "त्या पाकळ्या जरा पिवळ्या करून द्या. मग दोन्हीचं एकदमच बघू."