दोन खांब आणि अख्खी वाडी

जांभ्याच्या जमिनीवर गाड्या उचलायची चार टनी टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची, लिफ्ट बसवायची, तर आधी जमीनच नवी करावी लागते. आमच्या कुडाळच्या गॅरेजात चिऱ्यांच्या तुकड्यांचा भराव, वर पातळ कोबा आणि खाली घुशींची वस्ती. अशात खांब जमिनीला जखडणारा अँकर बोल्ट ठोकला तर तो थेट घुशीच्या माजघरात. मग खणा, सळया बांधा, काँक्रीट ओता. त्याला पुरती ताकद यायला 28 दिवस. तोवर गिऱ्हाइकं ‘लिफ्ट खंय हा?’ विचारून चहा पिऊन जात.

खांब उभे राहिले तशी वाडी जमली. कोकणात प्रत्येकाच्या डोळ्यात ओळंबा असतो. “डावो खांब कलंडलो हा,” रिक्षावाले दादा म्हणाले. “डावो नाय, तू कलंडलंस,” गुरुजी.

कोल्हापूरहून आलेला फिटर ह्यातलं काही ऐकत नव्हता. दोन्ही कर्ण टेपने मोजून त्याने ओळंबा सोडला. दारातून खारं वारं आलं आणि ओळंबा झुलायला लागला. तो थांबेना, तेव्हा पठ्ठ्याने त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. क्षणात दोरी स्थिर. “मासो गावलो?” मागून चौकशी झाली.

उजवा खांब खरोखरच झुकलेला निघाला, म्हणजे दोघेही चुकले. बेसप्लेटखाली शिम, म्हणजे पातळ लोखंडी पट्ट्या, सारायच्या होत्या. गुरुजींनी फणसाची फळी देऊ केली, जुनी, वाळवी न लागलेली. फिटर हात जोडून म्हणाला, “काका, जरा बाजूला व्हा की!”

मग वायर रोप ताणणं. गाडी वर अडकवून ठेवणारे दोन्ही बाजूंचे लॉक एकदम वाजायला हवेत. आमचे वाजायचे ‘टक... टक’. नट अर्धा फेरा, पुन्हा वर, पुन्हा कान. शेवटी एकच खणखणीत ‘टक्’ आला आणि वाडीने टाळ्या वाजवल्या.

नारळ फोडला. पहिली गाडी मुंबईकर पाहुण्यांची, त्यांना संध्याकाळची तुतारी एक्सप्रेस गाठायची होती. गाडी वर गेली, लॉकवर बसली, आणि लाईट गेली.

“खाली घ्या ना हळूच,” पाहुणे म्हणाले.

खाली घ्यायची तर आधी थोडी वर उचलून लॉक सोडवावे लागतात, आणि वर उचलायला मोटर लागते, हे मी शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. पाहुण्यांनी डिकीकडे पाहिलं. बॅगा डिकीत, डिकी डोक्यावर.

रिक्षावाले दादा शिडी घेऊन आले. “बॅगो काढतंय. स्टेशनाचे दोनशे, शिडयेचे येगळे.”