कुठलं औषध घेतलं?

आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. "पोरानं औषध घेतलं मॅडम," म्हणत नातेवाईक कॅज्युअल्टीत धावत येतात आणि माझा पहिला प्रश्न असतो, "कुठलं? बाटली आणली का?"

एमडी मेडिसिन होऊन मला 2 वर्षं झाली. विदर्भात सरकारी रुग्णालयात आहे आणि पुढेही विषबाधेवरच काम करायचं ठरवलंय. हे ऐकलं की लोक विचारतात, "म्हणजे पोस्टमॉर्टेम?" नाही हो. माझे पेशंट जिवंत असतात.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर लढता येतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ॲट्रोपीन हा त्यावरचा उतारा द्यायचा, 5 मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर डोस दुप्पट. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही, छाती कोरडी व्हायला हवी.

पॅराक्वॉट या तणनाशकावर उताराच नाही. गेल्या पावसाळ्यात 19 वर्षांचा एक मुलगा आला. घरात भांडण झालं, रागाच्या भरात प्यायला. दुसऱ्या दिवशी कॉटवर बसून बोलत होता, घसा दुखतो म्हणत गार दूध घेत होता. वडील म्हणाले, "आता बरा दिसतो, सुट्टी कधी देता?" फुप्फुसं पुढच्या काही दिवसांत निकामी होत जाणार, हे मला त्यांना व्हरांड्यात उभं राहून सांगावं लागलं. नवव्या दिवशी तो गेला. जगायचं होतं त्याला, रोज विचारायचा.

श्रीलंकेनं 2008 ते 2011 दरम्यान पॅराक्वॉट बंद केलं. कीटकनाशकं पिऊन होणाऱ्या आत्महत्या तिथे घटल्या, शेती काही बुडाली नाही. आपल्याकडे का नाही? 2017 साली यवतमाळमध्ये तर नुसती फवारणी करताना माणसं दगावली. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार महाडसारख्या गावात काम करून डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दिला, त्याच महाराष्ट्रात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात विषबाधेचा एक तज्ज्ञ असावा, एवढंही मागायचं नाही का?

तोवर एक ऐका. कुणी औषध घेतलं तर मिठाचं पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणानं धुवा. लगेच निघा, आणि बाटली सोबत आणा.