तान्ह्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

एप्रिल लागला की हा मेसेज उगवतो. ‘खान्देशच्या उन्हात तान्हं बाळ सांभाळायचे आजीबाईंचे सात उपाय, डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. इतकी वर्षं मी तो न वाचता पुसत आले. या वेळी तो अमळनेरला भाचीच्या सासरच्या ग्रुपवर गेला आणि तिच्या तीन महिन्यांच्या पोराच्या तोंडात वाटी-चमच्याने पाणी जायला लागलं. म्हणून हे लिहितेय.

पहिलाच उपाय सगळ्यांत वाईट. ‘दर दोन तासांनी बाळाला उकळून गार केलेलं पाणी द्या, ग्लुकोज घातलं तर उत्तम, नाहीतर बाळाचं रक्त आटतं.’ रक्त आटतं म्हणे!

काळजी खोटी नाही, हे कबूल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात तर विचारू नका. अशा दुपारी बाळ किरकिरलं की ‘पोऱ्याले तीस लागनी व्हई’ (पोराला तहान लागली असेल) असं कोणत्याही आजीच्या तोंडून निघणारच. पण आईच्या दुधात शंभरातले ८८ भाग पाणीच असतं. तहान लागली की बाळ जास्त वेळा अंगावर पितं, तिथेच त्याची तहान भागते. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि उष्ण हवेतही वरचं पाणी नको. आणि तिचं कशाला ऐकायचं? आशाताईने किंवा नर्सबाईने दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड घरोघरी कपाटात पडलेलं असतं. त्यावर हेच छापलंय, पाणीसुद्धा नको म्हणून. लसीची तारीख बघण्यापलीकडे ते कुणी उघडत नाही.

दोन चमच्यांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं. कमी ओढलं की आईचं दूध कमी होतं, मग ‘हिला दूधच पुरत नाही’ म्हणत पावडरचा डबा घरात येतो. ग्लुकोजने तर भूकच मरते. पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ उतरून बाळाला झटकेही येऊ शकतात, कारण जास्तीचं पाणी बाहेर टाकण्याइतकी त्याची मूत्रपिंडं तयार नसतात. आणि आपल्याकडचं उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे काय? कितीतरी गावांत नळ चार-आठ दिवसांनी येतो, नाहीतर टँकर. ते टिपाडात साठवायचं, त्यात तांब्या बुचकळायचा. उकळलं तरी वाटी-चमचा धुणार त्याच पाण्याने.

यातली गंमत बघा. ज्या घरात बाळाला पाणी पाजायची घाई, त्याच घरात बाळंतिणीला पाणी मोजून देतात, पोट सुटेल म्हणून. उलटं करा की! तांब्या आईच्या उशाशी ठेवा आणि बाळाला वरचेवर पाजायला घ्या. चोवीस तासांत सहा-सात वेळा शू होत असेल, ती फिकट असेल, तर बाळाला पाणी पुरतंय. पावडरच्या दुधावरच्या बाळाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

मेसेजचा सहावा उपाय इथेच घेते, कारण त्याने जीव जातो. ‘दात येताना जुलाब होतातच, थांबवू नका, अंगातली उष्णता बाहेर पडते.’ दात आणि जुलाब एकाच वयात येतात, एवढंच. त्या वयात पोर रांगतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. जुलाब त्याचे. बाहेर पडतं ते पाणी आणि मीठ. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या (सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही, ते औषध आहे), आणि डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तसं झिंक १४ दिवस पुरं करा. डोळे खोल गेले, शू बंद झाली, बाळ मलूल पडलं, टाळू खाली बसली, तर टाळूवर तेल भरत बसू नका. दवाखाना गाठा.

बाकीचं भराभर. मधात उगाळलेली गुटी: एक वर्षाच्या आत मध नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि अंग लुळं पडतं. आजार विरळा आहे, मान्य. पण मध न चाटवल्याने बाळाचं काय अडतं? नाका-कानात तेल: नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अंगाला हलक्या हाताने मालिश करा की, छानच आहे ते. मेसेजमधला तेवढा अर्धा उपाय बरोबर. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, त्यात शिसं मात्र असू शकतं. दृष्टीचीच भीती असेल तर कानामागे तीट लावा. वॉकर: कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण पोरं त्यात बसून जिन्यावरून कोसळत होती. आणि त्याने चालणं लवकर येत नाही ते नाहीच.

एवढं सांगितलं की ठरलेलं वाक्य येतं: ‘आमची पोरं अशीच वाढली, काय झालं त्यांना?’ जी वाढली ती सांगायला आहेत, बाई. १९७१मध्ये देशात हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, २०२०मध्ये २८. सगळा दोष गुटीचा नाही, लसी आल्या, दवाखाने आले. पण जुन्या बायांना एकदा निवांत विचारा, किती झाले आणि किती राहिले. आकडे वेगळे येतात.

राहिला सातवा: ‘कूलरची हवा बाधते, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळा, टोपडं काढू नका.’ थेट झोत अंगावर नको, इतकंच खरं. ४५ अंशांत टोपडं-मोजे घालून गुंडाळलेलं बाळ तापतं, घामोळ्यांनी भरतं आणि मग रडतं. सुती झबलं पुरे. कूलर खोलीत चालू दे, तोंड भिंतीकडे वळवा, खिडकी थोडी उघडी ठेवा.