टुंग!

जुनी गाडी मी सोळा वर्षं चालवली. तिची भाषा मला येत होती. कुईकुई केली की पट्टा, खडखडली की सायलेन्सर, आणि अगदी गप्प बसली की बॅटरी.

नवीही तशीच छोटी घ्यायची, हे नक्की होतं. घेतली. घरी आणली तर नेहमीच्या जागेत तिचा पार्श्वभाग रस्त्यावर! शोधल्यावर कळलं, या खानदानात वाढच जोरात आहे. १९७४ सालची पहिली फोक्सवॅगन गोल्फ सुमारे ३.७ मीटर लांब होती. तिची आठवी पिढी ४.२८ मीटरवर पोचलीय. धडक सोसायला जागा हवी, मागच्यांच्या गुडघ्यांना हवी, सामानाला हवी. सगळं पटतं. पार्किंगच्या जागेला तेवढं कुणी कळवलं नाही.

असो. लांबीशी जमवून घेता येतं. आवाजाचं काय?

पहिल्या सकाळी हात सवयीने स्टिअरिंगखाली गेला आणि किल्लीचं भोक चाचपत राहिला. भोक नाहीच. किल्ली खिशात ठेवायची, क्लच दाबायचा आणि बटण. गाडी सुरू झाली, मी निघालो.

टुंग.

पट्टा लावलेला होता. टुंग. थांबून चारी दारं उघडून पुन्हा लावली. टुंग. डिकी आपटली. टुंग, टुंग, टुंग. आता जरा चिडल्यासारखं.

गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, ती काहीतरी सांगतेय!"

"ते कळलं गं. काय सांगतेय?"

मॅन्युअल काढायला म्हणून शेजारच्या सीटवरची पुस्तकांची पिशवी उचलली आणि एकदम शांतता. सीटमधल्या सेन्सरला वजन कळतं, माणूस कळत नाही. त्याच्या लेखी ती पिशवी म्हणजे पट्टा न लावता बसलेला बेजबाबदार प्रवासी. मी पिशवी परत ठेवली, तिला पट्टा लावला, आणि आम्ही दोघं निघालो.

सिग्नलला इंजिन बंद पडलं. नवी कोरी गाडी! घाबरून बटण दाबलं, तर होतं नव्हतं तेही विझलं. मागे हॉर्नचा जल्लोष. पेट्रोल वाचवण्यासाठी ती स्वतःच डुलकी घेते आणि नुसता क्लच दाबला की उठते, हे ज्ञान मला मागच्या गाडीवाल्याने दिलं. शब्द जरा वेगळे होते.

मग एका थंड सकाळी समोर पिवळा दिवा. घोड्याचा नाल, त्यात उद्गारचिन्ह. मी हळूहळू, देवाचं नाव घेत पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चारी टायर पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दोन पीएसआयने घटतो म्हणे. म्हणजे गाडीला थंडी वाजत होती, बस्स.

आता बरंच जमलंय. कुठला टुंग गंभीर आणि कुठला उगाच, हे ओळखू येतं. नसलेल्या हँडब्रेकच्या दांड्याकडे हात अजून जातो, आणि मग तिथे एवढंसं बटण भेटतं. पण परवा गडबडीत बसलो, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली, तिला नीट पट्टा लावला, टुंग झाला नाही म्हणून समाधानाने मान डोलावली, आणि खिडकीवर टकटक झाली.

बाहेर बायको उभी होती. "मी कुठे बसू?"