डिपॉझिटमधून कापायचं तरी काय काय?

काल कट्ट्यावर आमचा घरमालक मित्र कागद घेऊनच आला. त्याचा भाडेकरू तीन वर्षांनी घर सोडतोय आणि डिपॉझिटमधून काय कापायचं याची यादी तयार होती. पहिलीच ओळ : अख्ख्या घराचा रंग.

"रंग कशाला?" मी विचारलं.

"भिंती मळल्यात. पोराची चित्रं लावली होती, टेपचे डाग आहेत."

"तीन वर्षं माणसं राहिली तर भिंती मळणारच. राहण्याचंच भाडं घेतलंस ना?"

तो चिडला. "म्हणजे सगळा खर्च मीच करायचा?"

आमच्यातला हिशेबी गडी मध्ये पडला. "रंग पाच वर्षं टिकतो असं धर. तीन वर्षांचा रंग तू वसूल केलास. एखादी भिंत त्याने खरंच बिघडवली असेल, तरी त्या भिंतीच्या खर्चातले पाचातले दोन भाग त्याचे. जुन्या वस्तूला नव्याचे पैसे मागायचे नाहीत."

मला हे शंभर टक्के पटलं. मी स्वतः बरीच वर्षं भाड्याने राहिलोय. एका मालकाने 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच सांगून अर्धं डिपॉझिट ठेवून घेतलं होतं, ना पावती ना फोटो. ते पैसे माझे होते, त्याच्याकडे फक्त ठेवायला दिलेले. म्हणून मी म्हटलं, "जे कापशील त्याची पावती जोड. नसेल तर कापू नकोस."

मग टीव्हीच्या भोकांवरून जुंपली. फोटोत चार भोकं. तीन स्वच्छ, पुट्टीने बुजतील अशी. चौथ्याभोवती मात्र मूठभर प्लास्टर निघून आतली वीट दिसत होती. चौथ्याचे पैसे घ्यावेत, यावर सगळ्यांचं एकमत. लाइटबिलावर वाद झालाच नाही. निघायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग घ्यायचं, विषय संपला.

"आणि सिंकखालचं दार तर पार गेलंय," म्हणत त्याने दुसरा फोटो दाखवला. प्लायवूड खालून फुगून पापुद्रे सुटले होते, सनमायका कडेला उचकटला होता. पाइपच्या नटावर क्षारांचा पांढरा थर. तो थर काही एका रात्रीत बसत नाही.

"वॉशर झिजून गळणं ही काही त्याची चूक नाही," हिशेबी गडी म्हणाला. "पण गळतंय हे कळवलं नसेल, तर दाराचं नुकसान त्याच्यावर येतं. कळवलं होतं का?"

"छे!"

"मेसेज बघ एकदा."

तो फोन वर सरकवत राहिला आणि एकदम थांबला. आठ महिन्यांपूर्वीचा मेसेज : 'सिंकखाली पाणी टिपकतंय, प्लंबर पाठवाल का?' त्याखाली याचं उत्तर : 'बघतो.' त्यानंतर दोन्हीकडून काहीच नाही.

कोणीच काही बोललं नाही. त्याने माझ्याकडून पेन घेतलं, दाराची ओळ खोडली. जरा वेळाने रंगाचीही खोडली.

"आणि साफसफाई?" त्याने विचारलं.

"घर देतानाचे फोटो आहेत?"

नव्हते. मग तीही ओळ गेली. उरलं ते चौथं भोक आणि शेवटचं लाइटबिल. रविवारी भाडेकरूला सोबत घेऊन तो घर बघणार आहे, आणि भोकाचा खर्च त्याच्यासमोरच ठरवणार आहे.