‘सगळे तारकागुच्छ एकाच वेळी जन्मले’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. विश्वातले सगळे तारकागुच्छ (एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे झुबके) एकदमच बनले. त्यांचं वय विश्वाहून जास्त निघालं, पण शास्त्रज्ञ ते लपवतात. आणि दुसऱ्या दीर्घिकांमधल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या अफाट समूहांमधल्या, गुच्छांची वयं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. आमच्या गल्लीतल्या एकाने वाचून म्हटलं, “काहीबी सांगू राहिला भो!” माझंही तेच म्हणणं, जरा विस्ताराने.

‘एकदमच बनले.’ आकाशगंगेतले दीडशेहून जास्त गोलाकार गुच्छ बहुतेक 11 ते 13 अब्ज वर्षांचे आहेत, इथपर्यंत ठीक. पण मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला आर136 हा गुच्छ जेमतेम 10-20 लाख वर्षांचा. अँटेना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन दीर्घिका एकमेकींत घुसताहेत. 1997 साली हबल दुर्बिणीच्या चित्रांत तिथे हजारावर तरुण गुच्छ दिसले. टकरीत वायू दाबला जातो नि गुच्छ जन्मतात, आजही. आणि आपल्या अंगणातले सगळे तरी घरचे कुठे आहेत? एम54 हा गुच्छ मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने 1778 सालीच टिपला होता. तो धनू बटू या छोट्या शेजारी दीर्घिकेचा आहे हे 1994 साली ती दीर्घिका सापडल्यावर कळलं. आपली आकाशगंगा तिला गिळते आहे.

‘लपवतात.’ 1990च्या दशकात काही गुच्छांची वयं खरंच विश्वाच्या वयापेक्षा जास्त येत होती, आणि भांडण उघड, छापील होतं. 1997 साली ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या हिपार्कोस उपग्रहाची मोजमापं आली, तारे समजत होतो त्याहून दूर, म्हणजे जास्त तेजस्वी, इंधन लवकर संपवणारे, आणि म्हणून तरुण ठरले. पुढच्याच वर्षी विश्वाचा प्रसरणवेग वाढतोय, म्हणजे आधी तो कमी होता नि इथवर यायला जास्त काळ लागला, हे कळलं आणि विश्वाचंही वय वाढलं.

‘अंदाजपंचे.’ रावेर-यावलकडचा माणूस धावत्या मोटारसायकलवरून केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) कुठली नि कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) कुठली ते सांगतो, प्रत्येक खोड मोजत नाही. दूरच्या गुच्छातले तारे सुटे दिसत नाहीत, पण एकत्रित उजेडाचा रंग दिसतो. भारी निळे तारे काही कोटी वर्षांत संपतात. मागे पिवळे-तांबडे उरतात. फसगतही होते: खत कमी पडलेली बाग वयाने लहान वाटते, तसा जड मूलद्रव्यं कमी असलेला गुच्छ जास्त निळा, म्हणून तरुण भासतो. त्यासाठी वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडातल्या, रेषा तपासतात. एवढं करूनही 10 अब्ज की 12, यावर वाद होतो. 10 लाख की 10 अब्ज, यावर नाही.