कनेक्टिकटची दोन विजेतेपदं नशिबाची नव्हती

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: 'कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष संघ २०२३ आणि २०२४ मध्ये एनसीएए ही कॉलेजांची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा जिंकला तो सोप्या ड्रॉमुळे, म्हणजे सोपे प्रतिस्पर्धी वाट्याला आल्यामुळे, आणि पैसे मोजून आणलेल्या खेळाडूंमुळे. २०२५ मध्ये फुगा फुटला.' मला हे पटत नाही, आणि वाईटही वाटतं, कारण यात त्या मुलांची मेहनत कुठेच दिसत नाही.

आधी ड्रॉ. २०२३ मध्ये चार विभागांतले पहिल्या मानांकनाचे चारही संघ शेवटच्या आठात पोहोचण्याआधीच गारद झाले, हे मान्य. पण कनेक्टिकट कुठे निसटता जिंकला? सहा सामन्यांतला सर्वांत छोटा विजय १३ गुणांचा होता, आणि गोंझागासारख्या संघाला त्यांनी ८२-५४ असं लोळवलं. पुढच्या वर्षी तर सहा सामन्यांतली एकूण आघाडी १४० गुणांची झाली. इलिनॉयविरुद्ध २३-२३ अशी बरोबरी असताना त्यांनी सलग ३० गुण घेतले. नशीब एखादा सामना काढून देतं. लागोपाठ बारा सामने दहाहून जास्त गुणांनी काढून देत नाही.

२०२४ ची अंतिम लढत तर आवर्जून पाहावी. समोर परड्यू, तोही पहिल्या मानांकनाचा, आणि त्यांच्याकडे ७ फूट ४ इंचांचा झॅक एडी. बहुतेक संघ त्याच्यावर दोन बचावपटू लावत, मग तो चेंडू बाहेर फेके आणि मोकळे राहिलेले परड्यूचे नेमबाज थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे फटके, टाकत. प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी उलटा डाव मांडला: एडीला एकट्याने अडवायचं, बाकीच्यांनी आपापल्या समोरच्या नेमबाजाला मोकळं सोडायचं नाही. एडीने ३७ गुण केले, पण परड्यूला अख्ख्या सामन्यात सातच थ्री-पॉइंटर घेता आले आणि त्यातला एकच आत गेला. निकाल ७५-६०. समोरच्याच्या सर्वोत्तम खेळाडूला गुण करू देण्याची हिंमत पूर्ण तयारीशिवाय येत नाही.

आता पैसा. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींसारख्या करारांतून आपल्या नावावर कमावता येतं, संघ बदलणंही सोपं झालंय. ट्रिस्टन न्यूटन आणि कॅम स्पेन्सर दुसऱ्या विद्यापीठांतून आले, हे लपवायचं कारण नाही. पण २०२३ चा नायक अदामा सानोगो आणि जॉर्डन हॉकिन्स पहिल्या वर्षापासून इथलेच. डॉनोव्हन क्लिंगन तर कनेक्टिकटमधल्याच ब्रिस्टलचा पोरगा. आणि हर्ली २०१८ मध्ये आले तेव्हा पहिल्या हंगामात १६ विजय, १७ पराभव होते. २०२१ आणि २०२२ मध्ये ते एनसीएए स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरले. पैशाने पिकलेलं यश असं पाच वर्षं रखडत नाही.

राहिला २०२५ चा 'फुगा'. २०२४ च्या विजेत्या संघातले स्टेफन कॅसल, क्लिंगन, न्यूटन, स्पेन्सर हे चौघंही एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, गेले होते. हंगाम खरंच खडतर गेला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हवाईतल्या माउईला तीन दिवसांत तीन पराभव झाले. तरीही आठव्या मानांकनाचा हा संघ दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाकडून ७५-७७ असा हरला, आणि फ्लोरिडाच पुढे विजेता ठरला. दोन्ही विजेतेपदांत सुरुवातीच्या पाचात उतरलेला अॅलेक्स काराबान त्या पराभवानंतर एनबीएकडे न वळता आणखी एका हंगामासाठी कनेक्टिकटलाच थांबला.